काकी कालवं काढते आणि मला किनाऱ्याची गाईड व्हायचंय

रायगडच्या किनाऱ्यावरच्या एका गावातून पत्र आलंय. ओळख पटेल असे तपशील काढून थोडक्यात देते.

ताईंचं वय ४९. कोळी घर, बी.कॉम., पतपेढीत नोकरी. आई मासळी विकायची, काकी अजूनही ओहोटीला खडपावर, म्हणजे किनाऱ्याच्या खडकांवर, कालवं काढायला जाते. गेल्या हिवाळ्यात तालुक्यातल्या एका निसर्ग ग्रुपच्या किनारा वॉकला ताई सहज म्हणून गेल्या आणि त्यांना त्याचं वेडच लागलं. ग्रुपला व्हॉलंटियर हवेत, चार रविवारचं ट्रेनिंग आहे, ताईंनाही विचारलंय. पण ग्रुपमधली बहुतेक मुलं विशीतली, धडाधड लॅटिन नावं सांगणारी, आणि ताईंना इंग्रजी बोलायचा संकोच. त्यात वॉकच्या वेळी एक पाहुणी म्हणाली, 'हे लोकल लोकच सगळं ओरबाडून नेतात', आणि वॉक घेणाऱ्या मुलाने नुसती मान डोलावली. समोर दोन बायका कालवं फोडत होत्या, त्यातली एक ताईंची काकी. ताई गप्प राहिल्या आणि ते अजून टोचतंय. टेक्ससमधल्या भाचीने तिकडच्या कोर्सची माहिती पाठवलीय, तसं काहीतरी आधी करावं आणि वर्षा-दोन वर्षांनी ग्रुपमध्ये जावं असं त्यांच्या मनात आहे. नवरा म्हणतो फुकटची हमाली कशाला. 'आधी कोर्स करू की नाद सोडू?' असं त्या विचारतात.

ताई,

आधी त्या कोर्सचं बघू, कारण तुम्ही सगळं त्याच्यावर टांगून ठेवलंय. भाचीने जे पाठवलंय तो टेक्ससचा 'मास्टर नॅचरलिस्ट' प्रकार खरंच व्यवस्थित आहे, ४० तास ट्रेनिंग, ४० तास स्वयंसेवेचं काम, वर आठ तास पुढचं शिक्षण, आणि मग सर्टिफिकेट. पण हिशोब बघा ना, शिकायचे तास आणि काम करायचे तास जवळजवळ सारखेच, म्हणजे नुसतं वर्गात बसून माणूस तयार होतो असं त्यांनीही धरलेलं नाही. आपल्याकडे किनाऱ्यासाठी राज्यभर चालणारा असा एकच एक ठरलेला शिक्का नाही. बीएनएचएस, म्हणजे १८८३ पासूनची मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, पक्षी वगैरे विषयांचे कोर्स घेते आणि ते चांगले असतात, जमेल तेव्हा करा. ऐरोलीला वनखात्याचं किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र आहे तेही एकदा जाऊन बघून या. पण 'कोर्स झाल्यावर येते' असं ग्रुपला कळवू नका. तुमचं पत्र दोनदा वाचल्यावर मला तरी असं वाटलं की कोर्स हे कारण आहे, अडलंय त्या पाहुणीच्या वाक्यापाशी. कोर्स केल्यावर कोणी आपल्याला 'लोकल' म्हणून बाजूला काढणार नाही असं तुम्हाला आतून वाटतंय का? सर्टिफिकेट गळ्यात असलं तरी काकी तिथेच बसलेली असणार आणि मान डोलावणारा मुलगाही.

त्या वाक्याकडे येतेच, पण आधी लॅटिन नावांची भीती काढू.

तुम्ही लिहिलंय 'मला काहीच येत नाही' आणि त्याच पत्रात पुढे तिसऱ्या, खुबे, कालवं, शिंगाळा, पाकट अशी यादी दिलीय आणि कुठलं कधी मिळतं तेही. तर काहीच येत नाही हे खोटं आहे. पण मी तुम्हाला 'तुम्हाला सगळं येतं हो, कोळ्यांना काय शिकवायचं' असंही म्हणणार नाही, शहरातली माणसं हल्ली कौतुकाने असं म्हणतात आणि मग पुढे काही शिकवतही नाहीत. तुमची ओळख बरीचशी टोपलीतली आहे. जे खातात, विकतात किंवा ज्याचा काटा लागतो त्याला नाव, आणि बाकीचं सगळं 'घाण' नाहीतर 'शेवाळ'. खडपाच्या अगदी खालच्या पट्ट्यात, जिथला दगड ओहोटीला थोडाच वेळ उघडा पडतो, तिथे दगडावर हिरवट-तपकिरी रबरासारखा थर असतो ना, पाय ठेवला की बुळबुळतो, तो जिवंत प्राण्यांचा थर आहे, झोआंथिड म्हणतात त्यांना, प्रवाळांचे नातेवाईक. पाण्याखाली असले की एकेक तोंड उघडतं, पाणी ओसरलं की मिटून घेतात. काकी आयुष्यभर त्यांच्यावरून चालत गेलीय आणि तिला त्यांचं नाव ठाऊक असायचं काही कारणच नाही. ते तुम्हाला शिकावं लागेल, त्या मुलांकडूनच शिकावं लागेल, आणि त्यात लाज कसली.

उलट एक उदाहरण देते. लहानपणी किनाऱ्यावरून शिंपले आणून माळ ओवली असेल तुम्ही. काही शिंपल्यांना आयतं भोक असायचं, बरोबर टोकाजवळ, अगदी गोल, बाहेरून रुंद आणि आत निमुळतं होत गेलेलं, सुईदोरा सरळ जायचा. ते भोक मून स्नेल नावाची गोगलगाय पाडते. ती वाळूच्या खाली सरकत जाते, शिंपल्याला आपल्या मोठ्या मऊ पायात गुंडाळते, आम्लासारखा स्राव सोडून कवच मऊ करत करत किसणीसारख्या जिभेने घासत बसते, तासन् तास, आणि भोक पडलं की आतला जीव खाऊन टाकते. म्हणजे तुमची ती माळ मेलेल्यांची नाही, मारलेल्यांची होती. आणि हीच गोगलगाय अंडी घालते ती वाळू आणि चिकट स्राव मिळून केलेल्या एका गोलसर लवचीक पट्टीत. ओहोटीला अशी पट्टी पडलेली दिसते, लोकांना वाटतं प्लॅस्टिकचा नाहीतर रबराचा तुकडा, आणि स्वच्छता मोहिमेत उत्साही मंडळी तीसुद्धा कचऱ्याच्या पिशवीत भरतात. आता मला सांगा, पुढच्या वॉकला दहा शाळकरी पोरं समोर असतील तर लॅटिन नाव सांगितलेलं त्यांच्या लक्षात राहील की माळेच्या भोकाची गोष्ट? नाव हवंच, नोंद करायची तर नावाशिवाय चालत नाही, कारण एका गावातले खुबे दुसऱ्या गावात वेगळेच निघतात. पण नाव शेवटी सांगितलं तरी चालतं, वहीत बघून सांगितलं तरी चालतं, आणि 'मला नाही माहीत, फोटो काढू आणि विचारू' हे तर वॉक घेणाऱ्याला यायलाच पाहिजे. अंदाजे ठोकून देणारा गाईड सगळ्यात वाईट, मग तो कितीही इंग्रजी बोलो.

भरती-सुकतीच्या बाबतीत मात्र तुम्ही त्या मुलांच्या पुढे आहात. ती मोबाईलवर टाईड टेबल बघतात, बघायलाच पाहिजे, तुम्हीही बघा, ०.५ मीटरच्या खाली ओहोटी असेल तो दिवस धरायचा. पण तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते हा हिशोब तुमच्या घरात लहान पोरालाही येत असणार. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास, तिथून सहा तास पुढे-मागे ओहोटी, थोडाफार फरक जागेप्रमाणे. उधाणाला पाणी लांबवर मागे जातं आणि तितक्याच जोरात परत येतं, भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, फारसं हलतच नाही. ही गोष्ट पुस्तकातून कळते पण अंगात उतरायला वेळ लागतो. खडपाच्या मागून पाणी कधी भरलं ते समोर बघणाऱ्याला कळत नाही आणि परतीची वाट बंद होते. ग्रुपला अशा माणसाची गरज असते जो सगळे खाली वाकून खेकडा बघत असताना मान वर करून म्हणेल, चला, आता निघायचं.

आता ते वाक्य. तुम्ही गप्प राहिलात याचं इतकं मनाला लावून घेऊ नका, पाहुण्यांसमोर, अनोळखी ग्रुपमध्ये, पहिल्याच वॉकला कोण बोलतं. पण ट्रेनिंगला जायच्या आधी बोला. ग्रुपवर मेसेज टाकून नाही, तो मुलगा किंवा जे कोणी ग्रुप चालवतात त्यांच्याशी समोरासमोर. 'त्या दिवशी असं म्हटलं गेलं, ती माझी काकी होती, मला वाईट वाटलं, वॉक घेणाऱ्याने अशा वेळी काय म्हणायचं हे आपलं ठरलेलं आहे का?' एवढंच. माझा अंदाज असा की तो मुलगा पाहुणीला दुखवायला घाबरला असेल, त्याचं तसं मत असेलच असं नाही. पण उत्तर ऐका नीट. 'हो, चुकलं, बोलूया' असं आलं तर ग्रुप कामाचा आहे. 'अहो पण खरंच नेतात ना' असं आलं तर लगेच उठून येऊ नका, कारण त्या बोलण्यात एक प्रश्न आहे आणि तो तुम्हालाही टाळता येणार नाही.

तो प्रश्न असा की काकीच्या काढण्याने खडपाला काही होतं की नाही. मला माहीत आहे हे वाचून तुम्हाला राग येईल. हाताने, लोखंडी टोकाने, दोन तासांच्या ओहोटीत एक बाई काढून काढून किती काढणार, आणि त्याच किनाऱ्यावर भराव, बंधारे, सांडपाणी, रिसॉर्टचा राडारोडा, त्याच्यापुढे तिची टोपली ती काय. मीही तुमच्याच बाजूने झुकते. पण नॅचरलिस्ट व्हायचं म्हणजे झुकण्याआधी बघायचं. पूर्वी दोन बायका यायच्या आता हॉटेलला पुरवायला वीस येतात का, लहान कालवं सोडतात का सरसकट फोडतात, दगड उलटा केला तर परत सुलटा ठेवतात का? हे काकीलाच विचारा, तिच्याइतकं कोणाला ठाऊक असणार, कालवं कमी झाली असतील तर ती पहिल्या वाक्यात सांगेल आणि कारणही सांगेल, ते बरोबर असेल किंवा नसेलही. जून-जुलैची मासेमारी बंदी कोळ्यांनी पाळायची असते ती समुद्राला दम खाऊ द्यायलाच ना, तर आपल्या माणसांना हा विचार नवा नाही. आणि पाहुण्यांचंही बघा, पिशवी भरून शंख नेतात ते 'रिकामे' म्हणून. त्या रिकाम्या शंखांतच हर्मिट क्रॅब राहायला जातात, अंग वाढलं की मोठं घर शोधत फिरतात, घरं पर्यटकांच्या शोकेसमध्ये.

हे जमतं याचं उदाहरण लांब नाही. मंडणगड तालुक्यात वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी चोरीला जायची, कुत्री-कोल्हे उकरून खायचे. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये काम सुरू केलं ते गावातल्या माणसांना घेऊनच, कारण वाळूवरच्या खुणेवरून घरटं ओळखणारी माणसं गावातलीच होती. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, लोक घरांत राहायला येऊ लागले. आणि वेंगुर्ल्याला मांडवीच्या खाडीत मच्छीमार घरांतल्या बायकांचा स्वामिनी बचत गट पर्यटकांना होडीतून कांदळवनाची सफर घडवतो. या बायकांनी आधी कुठली डिग्री घेतली नव्हती, पण ट्रेनिंग घेतलं होतं, हेही लक्षात घ्या, नुसतं 'आम्ही इथलेच' यावर कोणी उभं राहिलेलं नाही.

मग चार रविवारांत काय शिकून घ्यायचं? ग्रुप जे शिकवेल ते शिकाच, पण माझ्या मते नावांच्या आधी सुरक्षा. काय हातात घ्यायचं नाही ते पाठ पाहिजे. कोनच्या आकाराचे नक्षीदार शंख दिसायला सुंदर, पण आत जिवंत गोगलगाय असली तर तिचा डंख विषारी, काही जातींचा जीवघेणा. पावसाळ्यात वाहून येणारे निळे फुगे, ब्लूबॉटल, मेलेले दिसले तरी चावतात, चावले तर वाळूने चोळायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं. पाकटाचं, म्हणजे स्टिंगरेचं, तर तुम्हाला सांगायला नको, २०१३ मध्ये गिरगाव चौपाटीवर विसर्जनाला किती जणांना त्याचा काटा लागला होता आठवत असेल. सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि थेट दवाखाना गाठायचा. प्रवाळ, समुद्री घोडा, समुद्री काकडी हे सगळे १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली येतात, उचलायचा प्रश्नच नाही. मुंबईत कोस्टल रोडच्या वेळी, २०२० मध्ये, प्रवाळांच्या १८ वसाहती परवानगी काढून हलवाव्या लागल्या होत्या.

दुसरं म्हणजे एकच जागा धरा. पाच किनारे फिरण्यापेक्षा घराजवळचं एक खडप, अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, नोकरी सांभाळून जमेल तसं. पहाटेची किंवा संध्याकाळची ओहोटी येते म्हणजे पतपेढीची वेळ आड येत नाही, स्वयंपाकाची येते, ते घरात बोलून ठेवा. एकटीने जाऊ नका. एक साधी वही, तारीख, तिथी, काय दिसलं, किती, काय करत होतं. फोनने फोटो, आणि ते आयनॅचरलिस्ट नावाच्या ॲपवर टाका, जगभरातले जाणकार ओळखायला मदत करतात, तुमची लॅटिन नावं अशीच येतील, एकेक करून, ज्या प्राण्याला तुम्ही स्वतः बघितलंय त्याच्याच नावाने. मुंबईत मरीन लाईफ ऑफ मुंबई या उपक्रमाने २०१७ पासून असंच काम चालवलंय, सामान्य माणसांना किनाऱ्यावर नेऊन दाखवायचं आणि नोंदी करायच्या. वहीत तुमच्या बोलीतली नावं शेजारी लिहा, पण त्याचा गाजावाजा नको. उपयोग होतो म्हणून लिहायचं.

आणि ग्रुपलाही तपासा, ते तुम्हाला तपासतायत तसं. एका गाईडमागे किती माणसं? पंचवीस माणसांमागे एक मुलगा असेल तर तो वॉक नाही, जत्रा आहे. पाहुण्यांना ऑक्टोपस हातात घेऊन सेल्फी काढू देतात का? प्रथमोपचाराची पेटी कोणाकडे असते? कोणी घसरून डोकं आपटलं तर काय ठरलंय? याची उत्तरं गोलगोल आली तर ट्रेनिंग घ्या, शिका, पण वॉक घ्यायची घाई करू नका.

इंग्रजीचं मी मुद्दाम वेगळं काही लिहीत नाही. तुमच्या वॉकला येणाऱ्यांत मराठी शाळेतली पोरं किती असतात ते ग्रुपला विचारा, आणि कमी असतील तर का, हेही विचारा. त्या वॉक तुम्ही घ्या.

पक्ष्यांबद्दल, टेकडीबद्दल असंच विचारणारी आणखीही पत्रं आलीत, पुण्याहून, नाशिकहून, त्यांच्यासाठी चार ओळी. जवळची टेकडी किंवा तळं धरा, नाशिककरांना तर नांदूर मध्यमेश्वर आहे, राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा. ईबर्ड या पक्षी-नोंदींच्या वेबसाइटवर याद्या टाकायला शिका, फेब्रुवारीत चार दिवसांची ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट ही पक्षीगणना असते, ती सुरुवातीला सोपी पडते. घरट्याचं ठिकाण सोशल मीडियावर टाकणाऱ्या आणि फोटोसाठी पक्ष्याचा आवाज स्पीकरवर वाजवणाऱ्या ग्रुपपासून लांब राहा. आणि हो, नॅचरलिस्ट झालात म्हणून साप पकडायला जाऊ नका, ते वेगळं काम आहे, त्याला वनखात्याची परवानगी लागते आणि हौसेत माणसं मरतात.

राहिला नवरा. ताई, तो अगदीच चूक नाही. स्वयंसेवा म्हणजे तुमची मर्जी, पण ग्रुप पाहुण्यांकडून माणशी पैसे घेत असेल आणि वॉक तुम्ही घेत असाल तर ते पैसे कुठे जातात हे विचारायचा हक्क आहे तुम्हाला. शाळेच्या मुलांसाठी फुकट, पैसे भरून आलेल्या पर्यटकांसाठी मानधन, निदान येण्याजाण्याचा खर्च, असं सुरुवातीलाच ठरवून घ्या, नंतर मागायला जड जातं. वेंगुर्ल्याच्या बायका पैसे घेतात आणि कोणी त्यांना कमी प्रेमाने काम करतात असं म्हणत नाही. नवऱ्याला एकदा बरोबर न्या, पटवायला म्हणून नको, पाण्याकडे लक्ष ठेवायला दुसरा माणूस लागतोच.

काकीला मात्र ग्रुपसमोर लगेच आणू नका. तुम्हाला ते करावंसं वाटेल, हिशोब चुकता करायला, 'बघा, ही माझी काकी, हिला सगळं येतं' म्हणून. तिला आधी विचारा. ओहोटीचे दोन तास तिच्या कमाईचे आहेत, त्यात पंधरा जण भोवती उभे राहून फोटो काढायला लागले तर तिचं काम बुडतं. तिला बोलायचं असेल तर वॉक नसलेल्या दिवशी, घरी, चहावर, ग्रुपमधल्या दोघा-तिघांना घेऊन या. त्या मान डोलावणाऱ्या मुलाला त्यात नक्की घ्या.